पाकिटावर ५००, काट्यावर ४९८: नमुन्याची सरासरी खरंच वेगळी आहे का, हे तपासायची रीत

समजा, संकेश्वर किंवा खानापूरकडचा एखादा स्त्रीशक्ती संघ गुळाची पावडर पाकिटात भरून विकतो. पाकिटावर छापलंय, निव्वळ वजन ५०० ग्रॅम. दहा पाकिटं काट्यावर ठेवली आणि सरासरी आली ४९८. भरणी खरोखरच कमी होतेय, की हीच दहा पाकिटं योगायोगानं जरा हलकी हाती लागली?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेल्या सुट्या भागांचं वजन ठरल्यापेक्षा वेगळं येतंय का, शाळेतल्या दहावीच्या मुलांचे गणिताचे गुण राज्याच्या सरासरीपेक्षा वेगळे आहेत का, हे प्रश्नही याच जातीचे. एका बाजूला ठरलेला किंवा आधीपासून माहीत असलेला आकडा, दुसऱ्या बाजूला आपण मोजलेला थोडासा नमुना. या तपासणीला एक-नमुना टी-चाचणी म्हणतात. आपल्या सीमाभागात मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) करून बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला गेलेल्या मुलांपुढे हा विषय एकदम इंग्रजीतून येतो. सूत्र पाठ होतं, पण ते तसंच का आहे हे कुणी सांगत नाही. म्हणून इथं आधी विचार आणि मग सूत्र.

विचार एका वाक्यात मावतो. २ ग्रॅमचा फरक मोठा की लहान, हे नुसत्या ग्रॅमवरून सांगता येत नाही. आपल्या सरासरीची स्वतःची डगमग किती आहे, म्हणजे दुसरी दहा पाकिटं घेतली असती तर ती साधारण किती बदलली असती, आणि हा फरक त्या डगमगीच्या किती पट आहे, एवढंच विचारायचं. पुढचं सगळं गणित या एका भागाकारासाठी आहे.

आधी प्रश्न कागदावर लिहा

काट्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, कशाशी तुलना करायची. इथं ५०० ग्रॅम. या आकड्याला समष्टीची सरासरी म्हणतात, म्हणजे भरणी बरोबर असेल तर या भरणीतून निघणाऱ्या सगळ्या पाकिटांची जी सरासरी असायला हवी ती. छापील वजनाच्या बाबतीत हा आकडा उघड आहे. इतर वेळी इथंच मोठी गफलत होते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावचा पाऊस बेळगाव जिल्ह्याच्या सरासरीशी ताडून ‘यंदा पाऊस जास्त झाला’ म्हणणं निरर्थक आहे. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीचा घाटमाथा आणि पर्जन्यछायेतली अथणी एकाच जिल्ह्यात बसतात. दोघांची मिळून काढलेली सरासरी कणकुंबीचीही नसते आणि अथणीचीही नसते. तुलनेचा आकडा आपल्या नमुन्याच्याच समष्टीचा आहे ना, याची खात्री कुठलीही चाचणी करून देत नाही. ती आपणच करायची.

दुसरी, शून्य परिकल्पना. ‘खरी सरासरी ५०० च आहे, दिसतोय तो फरक योगायोगाचा’ असं गृहीत धरून सुरुवात करायची. तिच्यासमोर पर्यायी परिकल्पना: ‘खरी सरासरी ५०० नाही.’ इथं ‘कमी आहे’ असं न लिहिता ‘५०० नाही’ असं लिहिलंय, कारण भरणी कमी झाली तर गिऱ्हाईक फसतं आणि जास्त झाली तर संघाचा गूळ फुकट जातो. दोन्हीकडचं कळायला हवं. म्हणून ही दुहेरी चाचणी. फक्त एकाच दिशेची काळजी असेल तर एकेरी चाचणीही चालते, पण ते वजन करण्याआधी ठरवायचं. ४९८ पाहिल्यावर ‘मला फक्त कमीचंच बघायचं होतं’ म्हणणाऱ्याची पी-किंमत (शून्य परिकल्पना खरी असताना इतका किंवा याहून जास्त फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) एका फटक्यात अर्धी होते. तो पुरावा राहत नाही.

तिसरी, सार्थकता पातळी. बहुतेक ठिकाणी ०.०५ घेतात. अर्थ असा, की भरणी बरोबर असतानाही ‘चुकलीय’ असा खोटा ठपका ठेवण्याची शक्यता शंभरात पाच एवढी आपण चालवून घेतो. ०.०५ हा संकेत आहे, निसर्गनियम नाही. चुकीच्या ठपक्यानं मोठं नुकसान होणार असेल तर ०.०१ घ्या.

नमुना: खरं काम इथंच आहे

नवशिक्यांचा सगळा जीव सूत्रात असतो. माझ्या मते या कामातला निम्म्याहून जास्त भाग नमुना नीट घेण्यात आहे, आणि त्याला सूत्र लागत नाही.

खोक्याच्या वरच्या थरातली दहा पाकिटं उचलली तर ती एकापाठोपाठ भरलेली असणार. भरताना काही बिघडलं असेल तर दहाही सारखीच बिघडलेली, आणि काही बिघडलं नसेल तर दिवसभरातला बाकीचा बिघाड तुम्हाला दिसणारच नाही. दहा पाकिटं दहा स्वतंत्र साक्षीदारांसारखी हवीत. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा भरणीतून, पाकिटांना क्रमांक देऊन, चिठ्ठ्या टाकून निवडा. कुठलं पाकीट घ्यायचं हे हाताला किंवा डोळ्याला ठरवू देऊ नका.

मराठी माणसानं मुद्दाम लक्षात ठेवावं असं एक उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या प्रयोगांवर काम केलं. शेतातला छोटासा तुकडा आखून त्यातलं पीक कापायचं आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत. त्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असेल तर अंदाज पद्धतशीरपणे जास्त येतो, कारण आखलेल्या रेषेवरची रोपं कापणारा आतच धरतो आणि लहान तुकड्यात अशा रोपांचा वाटा मोठा असतो. असे हजार तुकडे कापले तरी चूक तशीच राहते. योगायोगाची डगमग नमुना वाढवला की कमी होते. एकीकडं झुकलेली मोजणी मात्र कितीही वाढवली तरी झुकलेलीच राहते.

काट्याचंही तेच आहे. काटाच २ ग्रॅम कमी दाखवत असेल तर चाचणी बिनचूक करूनही तुम्ही भरणीला दोष द्याल. वजन सुरू करण्याआधी आणि संपल्यावर ५०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून बघा. काट्यावर वैधमापन खात्याची चालू मुद्रा आहे का पाहा. रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करा, कारण छापलेलं वजन निव्वळ आहे. आणि ५-५ ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवणाऱ्या काट्यावर २ ग्रॅमचा फरक शोधायला बसू नका.

आकडे

आपले दहा आकडे, उदाहरणासाठी रचलेले, ग्रॅममध्ये:

४९६, ४९९, ५०३, ४९४, ४९८, ५०१, ४९५, ४९७, ५००, ४९७

गणिताआधी एक आडवी रेघ ओढून तिच्यावर हे आकडे ठिपक्यांनी मांडा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळू नका. ठिपके साधारण मध्यभागी गोळा झालेत आणि दोन्हीकडं विरळ होत गेलेत, असं दिसायला हवं. समष्टी साधारण घंटेच्या आकाराची, म्हणजे प्रसामान्य आहे, असं टी-चाचणी धरून चालते. नमुना लहान असेल तर एखादा भलताच ठिपका सगळं उलटंपालटं करतो. समजा ५०३ लिहिताना ५३० लिहिलं गेलं. सरासरी ५००.७ होते, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) २.८ वरून १०.५ वर जातं आणि टी, म्हणजे फरक भागिले सरासरीची डगमग, ०.२१ एवढा उरतो. एक अंक इकडचा तिकडं झाला आणि कमी भरणीचा मागमूस राहिला नाही. असा ठिपका दिसला तर गुपचूप खोडू नका, ते पाकीट पुन्हा वजन करा. नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय आकडा काढायचा नाही, आणि काढला तर तसं लिहून ठेवायचं.

हातानं गणित

एकदा तरी हे वहीत करा. संगणक नंतर आहेच.

बेरीज ४९८०, भागिले १०, म्हणून सरासरी ४९८.

आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा: −२, १, ५, −४, ०, ३, −३, −१, २, −१. यांची बेरीज शून्य येते. ती नेहमीच शून्य येते, आणि नाही आली तर वजाबाकी कुठंतरी चुकलीय. वर्ग केले की ४, १, २५, १६, ०, ९, ९, १, ४, १, एकूण ७०.

या ७० ला १० नं नव्हे, ९ नं भागायचं. दहा अंतरांची बेरीज शून्यच होणार असल्यामुळं नऊ कळली की दहावं आपोआप ठरतं. मोकळी अंतरं नऊच. म्हणूनच इथं ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणजे स्वातंत्र्याच्या मात्रा ९ आहेत. ७० भागिले ९ म्हणजे ७.७८, त्याचं वर्गमूळ २.७९. हे प्रमाण विचलन: एकेक पाकीट सरासरीपासून साधारण इतकं इकडंतिकडं होतं.

पण आपल्याला डगमग हवीय ती एका पाकिटाची नाही, दहांच्या सरासरीची. सरासरी काढताना जड आणि हलकी पाकिटं एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून तिची डगमग कमी असते. किती कमी, तर नमुना संख्येच्या वर्गमुळाइतक्या पटीनं. २.७९ भागिले √१०, म्हणजे २.७९ भागिले ३.१६, आलं ०.८८ ग्रॅम. ही प्रमाण त्रुटी. प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांची अदलाबदल ही या विषयातली सर्वांत जास्त दिसणारी चूक, आणि ती झाली की पुढचं सगळं फुकट जातं.

शेवटचा भागाकार:

टी = (४९८ − ५००) ÷ ०.८८२ = −२.२७

आपली सरासरी ५०० पासून तिच्या स्वतःच्या डगमगीच्या सव्वादोन पट खाली आहे.

सव्वादोन पट म्हणजे किती?

इथं टी-कोष्टक लागतं. स्वातंत्र्याच्या मात्रा ९, दुहेरी चाचणी, पातळी ०.०५ अशी ओळ शोधा. आकडा २.२६२ मिळतो. ही आपली रेषा: टी, चिन्ह सोडून, तिच्यापलीकडं गेला तर शून्य परिकल्पना नाकारायची. आपला टी, चिन्ह सोडून, २.२६८. रेषा ओलांडली, पण अगदी काठावरून. पी-किंमत ०.०४९५ च्या आसपास येते.

पुस्तकातून नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी इथं म्हणेल, ‘२.२६ कशाला? १.९६ असतं ना?’ समष्टीचं प्रमाण विचलन आधीपासून पक्कं माहीत असेल तर १.९६ बरोबर, ती झेड-चाचणी. आपण मात्र विचलनही त्याच दहा पाकिटांवरून काढलंय, आणि ते स्वतः कमीजास्त असू शकतं. ही जादा अनिश्चितता मोजली ती विल्यम गॉसेट यांनी. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत ते नोकरीला होते. तिथं बार्लीचे आणि मद्याचे प्रयोग मोजक्याच नमुन्यांवर चालत, आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रं तिथं अपुरी पडत. १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्यांनी आपला निबंध छापला. नुसत्या सूत्रावर त्यांनी भागवलं नाही. ३००० कैद्यांच्या मापांची पुठ्ठ्याची पत्रं पिसून चार-चारांचे ७५० नमुने केले आणि सूत्राप्रमाणं उत्तरं पडतात का ते पडताळलं. संगणक नसताना एवढी मेहनत! कोष्टकात पाहा, मात्रा ४ असताना मर्यादा २.७७६, ९ ला २.२६२, ३० ला २.०४२, आणि मग हळूहळू १.९६० कडं. नमुना जितका लहान तितका जास्त पुरावा मागितला जातो.

आता पी-किंमतीचा अर्थ, कारण इथं भले भले घसरतात. ०.०४९५ म्हणजे ‘भरणी बरोबर असण्याची शक्यता ५ टक्के’ असा अर्थ अजिबात नाही. अर्थ असा: भरणी खरोखर ५०० चीच असती, तर निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून जास्त फरक, दोन्ही बाजूंचा धरून, शंभर नमुन्यांपैकी साधारण पाचांत दिसला असता.

आणि ०.०४९५ ला ‘सिद्ध झालं’ म्हणून ढोल वाजवायचा, ०.०५१ ला ‘काही नाही’ म्हणून फाइल बंद करायची, हे मला पटत नाही. दोन्हींतला पुरावा जवळजवळ सारखाच आहे. म्हणून पी-किंमतीबरोबर विश्वास-अंतराल, म्हणजे खरी सरासरी जिच्यात असू शकते अशी आकड्यांची पट्टी, लिहाच. ते सोपं आहे: २.२६२ गुणिले ०.८८२ म्हणजे २.० ग्रॅम. ४९८ च्या दोन्ही बाजूंना एवढं अंतर घ्या, ४९६.० ते ५००.० अशी पट्टी मिळते. वरचं टोक नेमकं ४९९.९९५, म्हणजे ५०० ला जेमतेम बाहेर ठेवणारं. ही पट्टी वाचली की परिस्थिती डोळ्यापुढं येते. खरी सरासरी ५०० च्या अगदी लगत असू शकते, आणि ४ ग्रॅम कमीही असू शकते.

‘फरक सापडला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं नव्हे

हे पटवायला वरच्या यादीतली पहिली पाचच पाकिटं घ्या: ४९६, ४९९, ५०३, ४९४, ४९८. सरासरी पुन्हा ४९८ च. फरक तोच २ ग्रॅम. पण प्रमाण विचलन ३.३९, प्रमाण त्रुटी १.५२, टी −१.३२, आणि मात्रा ४ असल्यामुळं मर्यादा २.७७६. रेषेच्या कितीतरी अलीकडं. विश्वास-अंतराल ४९३.८ ते ५०२.२.

पाचच पाकिटं तोलणाऱ्यानं ‘भरणी बरोबर आहे, चाचणीनं सिद्ध केलं’ असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्यानं लिहायचं ते एवढंच, की या नमुन्यावरून फरक आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. शून्य परिकल्पना नाकारली जात नाही तेव्हा ती सिद्धही होत नाही.

मग पाकिटं घ्यायची किती? किती ग्रॅमचा फरक पकडायचाय त्यावर ते ठरतं. प्रमाण विचलन २.८ च्या आसपास असेल, पातळी ०.०५ असेल आणि फरक खरा असताना तो शंभरात ऐंशी वेळा सापडावा असं वाटत असेल, तर २ ग्रॅमसाठी साधारण १८ आणि १ ग्रॅमसाठी साधारण ६४ पाकिटं लागतात. फरक निम्मा, तर नमुना जवळजवळ चौपट. हा हिशेबही आधीच करायचा. दहा तोलली, जमलं नाही, आणखी दोन तोलली, अजून नाही, आणखी तीन, असं रेषा ओलांडेपर्यंत चालू ठेवलं तर खोट्या ठपक्याची शक्यता ५ टक्क्यांवर राहत नाही, बरीच वाढते.

उलट टोकही सांगून ठेवतो. हजार पाकिटं तोलली तर ०.२ ग्रॅमचा फरकही सार्थक ठरू शकतो, पण त्यानं गिऱ्हाइकाचं काही बिघडत नाही. सार्थक म्हणजे महत्त्वाचा असं नाही. महत्त्वाचा किती ते गूळ विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला विचारायचं, कोष्टकाला नाही.

संगणकावर

एक्सेल किंवा लिब्रे-ऑफिसमध्ये सरासरीसाठी ‘एव्हरेज’ आणि प्रमाण विचलनासाठी ‘एसटीडीईव्ही.एस’ वापरा. शेवटी ‘पी’ असलेलं सूत्र ९ ऐवजी १० नं भागतं, ते घेऊ नका. टी वर दाखवल्याप्रमाणं काढा, आणि पी-किंमतीसाठी ‘टी.डिस्ट.२टी’ ला चिन्हाशिवाय टी आणि ९ हे दोन आकडे द्या. ‘टी.टेस्ट’ हे तयार सूत्र दोन याद्यांची तुलना करतं, एका यादीला एका आकड्याशी ताडण्यासाठी ते सरळ चालत नाही. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा येत असेल तर ‘टी.टेस्ट’ याच नावाच्या आज्ञेला यादी द्या आणि ‘म्यू’ बरोबर ५०० सांगा. अंतरालासकट सगळं एका ओळीत मिळतं.

अहवालात काय लिहायचं, आणि संघानं काय करायचं

असं लिहा: ‘दिवसभराच्या भरणीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १० पाकिटांचं निव्वळ वजन सरासरी ४९८.० ग्रॅम, प्रमाण विचलन २.८ ग्रॅम. छापील ५०० ग्रॅमशी तुलना करता टी = −२.२७, स्वातंत्र्याच्या मात्रा ९, दुहेरी पी-किंमत ०.०५ हून किंचित कमी. खऱ्या सरासरीसाठी ९५ टक्के विश्वास-अंतराल ४९६.० ते ५००.० ग्रॅम.’ वाचणाऱ्याला सगळं तपासता येईल इतकं त्यात असतं.

पाकीटबंद मालाचे वैधमापन नियम २०११ चे आहेत. त्यांत दोन वेगळ्या अटी आहेत: नमुन्याची सरासरी छापील वजनाहून कमी नको, आणि एकेक पाकीटही ठरावीक मर्यादेपलीकडं कमी नको. ५०० ग्रॅमच्या पाकिटाला ती मर्यादा ३ टक्के, म्हणजे १५ ग्रॅम. आपल्या दहांत सर्वांत हलकं ४९४, तेव्हा दुसऱ्या अटीत अडचण नाही. प्रश्न सरासरीचाच आहे, आणि पुरावा काठावरचा असला तरी तो कमीच्याच बाजूला बोट दाखवतोय. मी त्या संघातल्या ताईंना सांगेन, भरणी ३ ग्रॅमनं वाढवा. प्रत्येक पाकिटात ३ ग्रॅम जादा गूळ जाईल, हे खरं, पण ते गिऱ्हाइकाकडून कमी मापाचा बोल ऐकण्यापेक्षा स्वस्त आहे. मग नव्या भरणीतून चिठ्ठ्या टाकून नवी १८ पाकिटं काढा आणि पहिल्यापासून चाचणी करा. जुने दहा आकडे त्यांत मिसळू नका, कारण ते भरणी वाढवण्याआधीचे आहेत.